रिह्याच्या गुंठ्याचा भाव कोण ठरवतो?

रिहे हे गाव मुळशी तालुक्यात, घोटावड्याच्या पुढे. एका अंगाला डोंगरापलीकडे माण-हिंजवडीच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या अंगाला खांबोली-कातरखडकाकडे चढत जाणारं खोरं. खाली भाताची खाचरं, वर वरकस, आणि दोन्हींच्या मधे हल्ली प्लॉटिंगवाल्यांचे सिमेंटचे खांब. पुण्याच्या वर्तुळाकार रस्त्याचा पश्चिम भाग मावळातल्या उर्शापासून भोरमधल्या वरवे बुद्रुकपर्यंत जायचा आहे. मुळशीतल्या ज्या गावांतून त्याची आखणी झाली त्यांत घोटावडे, केमसेवाडी, पडळघरवाडी, मातेरेवाडी आणि रिहे ही गावं आहेत. रस्ता ११० मीटर रुंदीचा. तेव्हापासून खोऱ्यात बोलणं एकच, गुंठ्याला काय भाव?

या प्रश्नाला एक उत्तर नाही. त्याच गटाला बँकेच्या पॅनेलवरचा मूल्यांकनकार एक किंमत लावतो, दुय्यम निबंधकाच्या कचेरीतला तक्ता दुसरी, भूसंपादन अधिकारी तिसरी आणि पिरंगुटच्या हॉटेलात चहा पाजणारा एजंट चौथी. चौघांचे आकडे वेगळे असतात यात नवल नाही. त्यांच्या फरकाचा फटका दर वेळी त्याच त्या लोकांना का बसतो, हा खरा प्रश्न. मूल्यांकनातला भेदभाव कायद्यानं रोखावा अशी चर्चा जगात सुरू आहे. आपल्याकडेही मूल्यांकनकारांसाठी कायद्याचा मसुदा तयार आहे. त्या चर्चेत काही समजुती पक्क्या रुतून बसल्या आहेत.

गैरसमज: मूल्यांकनात भेदभाव हे अमेरिकेतलं काळ्या-गोऱ्यांचं प्रकरण. आपल्याकडे जमिनीला कुठे जात असते?

अमेरिकेतली गोष्ट खरी आहे आणि ऐकण्यासारखीही. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरीन सिटीत एका कृष्णवर्णीय जोडप्याच्या घराची किंमत २०२० च्या सुरुवातीला ९,९५,००० डॉलर ठरवण्यात आली. त्यांना ती पटली नाही. त्यांनी भिंतीवरचे घरच्यांचे फोटो उतरवले, एका गोऱ्या मैत्रिणीला मालकीण म्हणून उभं केलं आणि दुसरा मूल्यांकनकार बोलावला. घर तेच, पण किंमत आली १४,८२,५०० डॉलर. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२३ मध्ये तडजोडीनं मिटलं. दरम्यान, जून २०२१ मध्ये तिथल्या केंद्र सरकारनं या विषयासाठी कृतिगट नेमला, कॅलिफोर्नियानं त्याच वर्षी मूल्यांकनकारांना पूर्वग्रहाविषयी प्रशिक्षण सक्तीचं करणारा कायदा केला आणि प्रतिनिधिगृहात इमॅन्युएल क्लीव्हर यांनी मूल्यांकनातल्या न्याय्यतेचं विधेयक मांडलं. रोग जुनाच होता. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारी गृहकर्ज संस्थेनं शहरांचे नकाशे रंगवले तेव्हा कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना लाल रंग दिला होता, म्हणजे कर्जाला धोक्याच्या.

आपल्याकडे भिंतीवरचे फोटो उतरवून काही होणार नाही. इथे मूल्यांकनकार माणसाचं तोंडही बघत नाही, तो सातबारा बघतो. आणि जे काही सांगायचं ते सातबाऱ्यानं आधीच सांगितलेलं असतं: भोगवटादार वर्ग-१ (विक्रीला मोकळा) की वर्ग-२ (परवानगीच्या बंधनातला), इतर हक्कांत कोणता शेरा, जिरायत की वरकस, पोटखराबा किती. अधिकारी निःपक्ष असला तरी हाती येणारा कागद निःपक्ष नसतो. त्यामुळे अमेरिकेचा कायदा उचलून इथे आणला तर तो चुकीच्या माणसाच्या मागे लागेल.

गैरसमज: रेडी रेकनर म्हणजे सरकारनं सांगितलेला बाजारभाव, आणि तो सगळ्यांना सारखा.

वार्षिक मूल्यदर तक्ते, म्हणजेच आपलं रेडी रेकनर, नोंदणी व मुद्रांक विभाग काढतो. त्याचा आधार १९९५ चे मुद्रांक नियम. हेतू एवढाच की खरेदीखतात कमी किंमत दाखवून कुणी मुद्रांक शुल्क बुडवू नये. १९९४ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं आंध्रातल्या एका प्रकरणात सांगितलं होतं की मुद्रांकासाठीचे असे तक्ते भूसंपादनातला बाजारभाव ठरवायला आधार होऊ शकत नाहीत. पुढे २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं त्यांना कसोट्यांपैकी एक म्हणून आत घेतलं. तक्त्यांचा वेग बाजाराशी जुळतोच असं नाही. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी राज्यानं दर होते तसेच ठेवले आणि १ एप्रिल २०२५ ला वाढवले. त्या काळात हिंजवडीच्या आसपासचे भाव हात बांधून बसले होते, असं कुणी म्हणणार नाही.

पण खरी गंमत तक्त्याच्या आत आहे. ग्रामीण भागात शेतजमिनीचा दर हेक्टरी असतो आणि तो ‘आकारा’च्या टप्प्यांप्रमाणे चढत जातो. आकार म्हणजे सातबाऱ्यावरचा तो रुपये-पैशांतला आकडा, ज्याकडे आज कुणाचं लक्षही जात नाही. तो इंग्रजी अमलातल्या सर्व्हे आणि जमाबंदीतून आला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापुरात ज्या पद्धतीनं सुरुवात केली, तीच पुढे जिल्हाभर आणि मुंबई इलाखाभर गेली. मातीचा थर किती, ओल किती टिकते, पीक काय येतं, यांवर आकारणी. मावळात भाताच्या खाचराला आकार जास्त आणि नाचणी-वरी घेऊन पुन्हा गवतावर सोडायच्या वरकस उताराला अगदी थोडा. त्या काळी हे बरोबरच होतं, कारण मोजायचं होतं धान्य.

आज रिह्याच्या वरच्या उतारावर धान्य कोण मोजतो? फार्महाऊस घेणाऱ्याला खाचर नको असतं, त्याला उतार हवा, दरी दिसली पाहिजे, पावसाळ्यात ढग अंगणात आले पाहिजेत. बाजारात जी जमीन चढ्या भावानं जाते तीच तक्त्यात खालच्या टप्प्यात. आणि वरकस कुणाच्या वाट्याला आली हे जुन्या गावात चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. पाणथळ खाचरं बहुतेकदा ज्यांचा शब्द चाले त्यांच्याकडे राहिली.

याला जोड पीक नोंदीची. वरकसवर कुणी विहीर पाडली, आंबा-काजू लावला, दुसरं पीक काढायला लागला, तरी नोंद जुनीच असेल तर जमीन कागदावर पडीकच. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्यानं मोबाईलवरून स्वतः नोंद करायची सोय झाली. स्मार्टफोन आणि रेंज या दोन गोष्टी गृहीत धरल्या तर ही सोय चांगली आहे.

गैरसमज: खरेदीखतात किंमत कमी दाखवली तर फार तर सरकारचा मुद्रांक बुडतो, शेजाऱ्याचं काय जातं?

शेजाऱ्याचंच जातं. २०१३ च्या कायद्याचं कलम २६ वाचून बघा. भूसंपादनात बाजारमूल्य ठरवताना मुद्रांकाचा तक्ता, आसपासच्या तशाच जमिनींच्या व्यवहारांची सरासरी आणि (खासगी कंपनीसाठी संपादन असेल तर) संमतीनं ठरलेली रक्कम यांतली जी जास्त असेल ती धरायची. सरासरी काढायची ती मागच्या तीन वर्षांच्या दस्तांवरून, आणि त्यातही चढ्या किमतीचे निम्मे दस्त घेऊन. नंतर ग्रामीण भागासाठी १ ते २ मधला गुणक लागतो आणि वर १०० टक्के दिलासा रक्कम. म्हणजे मूळ आकड्यातली प्रत्येक खोट निदान दुप्पट होऊन बाहेर पडते.

समजा, खोऱ्यात गुंठ्याचा व्यवहार ५ लाखांना होतो आणि दस्तात २ लाख लिहिले जातात. गुणक १ धरला तरी ज्याची जमीन रस्त्यात जाते त्याला १० लाखांऐवजी ४ लाखांचा हिशेब मिळतो. वरचे ३ लाख रोख घेणारा केव्हाच मोकळा झालेला असतो. ज्यानं जमीन विकली नाही, एजंटाला दारातून परत पाठवलं, आईबापाची जमीन म्हणून धरून ठेवली, त्याला त्या रोखीची किंमत मोजावी लागते. आजारपणाच्या नाहीतर लग्नाच्या घाईत मिळेल त्या भावाला विकलेल्या तुकड्यांचे दस्तही याच ढिगात असतात. चढ्या निम्म्या दस्तांची अट त्यांना थोडीफार गाळते, पण सगळ्याच खोऱ्यानं कमी लिहायची सवय लावून घेतली असेल तर गाळायचं काय?

शिवाय एखाद्या दस्तातली किंमत खऱ्या भावाची निदर्शक नाही असं वाटलं तर ती वगळायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहे. तो दोन्ही बाजूंनी वापरता येतो. प्रकल्पग्रस्तांची तक्रार अशी की तो चढ्या दस्तांवरच चालतो.

गैरसमज: बांधाला बांध लागून असलेल्या दोन जमिनींचा भाव एकच.

पुण्याच्याच एका जमिनीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली भाव ठरवण्याची सूत्रं घालून दिली, ती अजून उद्धृत होतात. रस्त्याला लागून असणं, दर्शनी रुंदी, लहान आकार हे अधिक बाजूचे घटक. आत असणं, मोठं क्षेत्र, वेडावाकडा आकार हे उणे बाजूचे. सगळं जमिनीच्या अंगचं. मालक कोण, त्याच्या आजोबाला ती कशी मिळाली, हे त्यांत नाही.

व्यवहारात मात्र तेच निर्णायक ठरतं. रिह्यासारख्या कोणत्याही मावळी गावातले तीन सातबारे कल्पनेनं शेजारी ठेवा.

पहिला कुळकायद्याचा. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कूळ मालक झालं. कलम ४३ प्रमाणे विक्रीला बंधन होतं. २०१४ च्या दुरुस्तीनं ते बरंच सैल झालं: खरेदीला दहा वर्षं होऊन गेली असतील तर आकाराच्या ४० पट नजराणा भरायचा आणि मोकळं व्हायचं. आकार म्हणजे तोच जुना रुपया-दोन रुपयांचा आकडा, म्हणजे नजराणा शंभर रुपयांच्या आत बसतो.

दुसरा महार वतनाचा. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. प्रत्यक्षात कनिष्ठ वतनं रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. जमीन परत मिळाली ती नव्या शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी हवी, आणि बिगरशेतीसाठी विकायची तर नजराणा बाजारमूल्याच्या निम्म्यापर्यंत.

एका बांधाच्या अलीकडे आकाराच्या ४० पट, पलीकडे बाजारभावाचा निम्मा हिस्सा. दोन्ही कायदे जमीन कसणाऱ्याला न्याय द्यायला केलेले. वतनी जमिनींचे खुले व्यवहार होत नाहीत, होतात ते अर्धवट कागदांवर आणि पडत्या भावात. मग मूल्यांकनकार येतो आणि म्हणतो, अशा जमिनीला बाजारच नाही. बाजार कुणी होऊ दिला नाही, हा रकाना त्याच्या अहवालात नसतो.

तिसरा सातबारा आदिवासी खातेदाराचा. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मुळे त्याची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय देता येत नाही. हे बंधन असायलाच हवं, नाहीतर मुळशीत ठाकरांकडे आणि महादेव कोळ्यांकडे गुंठाभर जमीनसुद्धा उरली नसती. पण जमीन राखण्यासाठी घातलेलं कुंपण तिची किंमत पाडायला वापरलं जाऊ नये, एवढं तरी कायद्यात स्पष्ट असावं.

गैरसमज: बहिणींच्या हिश्शाचा मूल्यांकनाशी काय संबंध? तो घरातला मामला.

महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी सहदायाद आहे. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वडील तेव्हा हयात होते की नव्हते हा घोळही मिटवला. एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. हे सगळं बरं आहे. पण भूसंपादनासाठी संयुक्त मोजणीची नोटीस आली की गावागावांत हक्कसोडपत्रांची धांदल उडते, तीही आपण पाहतो. नाममात्र मुद्रांकावर, साडीचोळीवर आणि “माहेर तुटू देऊ नकोस” या वाक्यावर बहिणीचा हिस्सा सुटतो. त्या दिवशी त्या हिश्शाचं कसलंही मूल्यांकन होत नाही. ते चार महिन्यांनी होतं आणि तेव्हा यादीत तिचं नाव नसतं. हक्कसोडपत्र नोंदवताना त्या हिश्शाची त्या दिवशीची किंमत तिला लेखी दाखवून तिची सही घ्यावी, अशी एक ओळ नियमांत घालायला संसदेची गरज नाही.

गैरसमज: ज्याच्या नावावर काही नाही त्याच्या घराला किंमत नसते.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. मुळशीत त्यांच्या वस्त्या बऱ्याचदा दुसऱ्याच्या गटात, गावठाणाबाहेर. ड्रोननं गावठाणं मोजून सनद देण्याची योजना आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरच्या सोनोरीपासून सुरू झाली, पण ती गावठाणाच्या हद्दीपुरती. २०१३ चा कायदा ‘बाधित कुटुंब’ म्हणताना जमीन नसलेल्या मजुराला आणि कुळालाही धरतो, जर तीन वर्षं त्याचं पोट त्या जमिनीवर असेल. सिद्ध करायचं कसं, हे त्या कुटुंबावर सोपवलेलं असतं.

शंभर वर्षांपूर्वी याच तालुक्यात हे होऊन गेलं आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. पण जमिनी बऱ्याच अंशी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. मोबदल्याचा आकडा दिसू लागल्यावर सावकारांचा रस्ता वेगळा झाला आणि कसणाऱ्या मावळ्यांचा वेगळा.

गैरसमज: मूल्यांकनकारांचा नवा कायदा आला की हे सगळं थांबेल.

केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०१९ मध्ये एम. एस. साहू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२० मध्ये तिनं अहवालासोबत मूल्यांकनकार विधेयकाचा मसुदा दिला आणि देशपातळीवर मूल्यांकनकारांची एक राष्ट्रीय संस्था सुचवली. त्याआधी २००८ मध्येही एक मसुदा येऊन विरला होता. आज काय आहे? कंपनी कायद्याचं कलम २४७ आणि २०१७ चे नियम. त्यांत ‘जमीन व इमारत’ हा एक वर्ग, त्यासाठी परीक्षा आणि नोंदणी. पण ही सक्ती मुख्यतः कंपनी आणि दिवाळखोरीच्या कामांपुरती. गृहकर्जासाठी बँका आपापलं पॅनेल ठेवतात.

मसुद्याचा भर व्यवसायाला शिस्त लावण्यावर आहे: शिक्षण, मानकं, तक्रार, शिक्षा. ते हवंच. मात्र रिह्याचा शेतकरी ज्याच्यापुढे उभा राहतो तो परीक्षा दिलेला व्यावसायिक मूल्यांकनकार नसतो, तो भूसंपादन अधिकारी असतो आणि किंमत ठरवण्याचा अधिकार त्याला वेगळ्या कायद्यानं दिलेला असतो. शिवाय खासगी व्यवहारातल्या भेदभावाविरुद्ध आपल्याकडे सर्वसाधारण कायदाच नाही. घटनेचं कलम १५ मुख्यतः राज्यसंस्थेला बांधतं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेची ‘फक्त पारशांना’ ही अट उचलून धरली. शशी थरूर यांनी २०१७ मध्ये लोकसभेत भेदभावविरोधी खासगी विधेयक आणलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

संगणकावर विसंबावं म्हटलं तर त्याला तरी काय दिसणार? जुनेच दस्त आणि जुनाच आकार. अमेरिकेनंसुद्धा २०२४ मध्ये स्वयंचलित मूल्यांकनाच्या प्रणालींना भेदभाव न करण्याची अट घातली, ती उगीच नाही.

गैरसमज: भूसंपादनाचा निवाडा झाला म्हणजे संपलं.

कायद्याच्या नजरेत निवाडा हा सरकारचा देकार आहे. १९८८ च्या त्याच पुण्याच्या निकालात हे म्हटलेलं आहे. २०१३ च्या कायद्याखाली संपादन असेल तर कलम ६४ प्रमाणे, निवाड्याच्या वेळी हजर असणाऱ्यानं सहा आठवड्यांत प्राधिकरणाकडे संदर्भ मागायचा आणि पैसे ‘हरकत राखून’ उचलायचे. दुसऱ्या कायद्याखाली नोटीस आली असेल तर मुदती बदलतात, म्हणून नोटिशीवरचं कायद्याचं नाव आधी वाचावं. संमतीनं थेट खरेदीखत करून दिलं, तर २५ टक्के वाढीव मिळतात पण भाव पुन्हा उकरता येत नाही. कुणासाठी हा सौदा चांगलाही असतो. ज्याचा आकारच चुकीच्या टप्प्यात बसला आहे, त्यानं मात्र २५ टक्के कशावर मिळणार ते आधी पाहावं.

आणि २०१३ च्याच कायद्याचं कलम ७३. एकाच अधिसूचनेतल्या एखाद्या खातेदारानं भांडून भाव वाढवून घेतला, तर जे भांडले नाहीत त्यांनाही तोच भाव मागता येतो. कोर्टाची पायरी चढायची ऐपत नसलेल्यांसाठीच ही तरतूद आहे. मुदत तीन महिने, आणि ती मोजली जाते त्या दुसऱ्याच्या निकालाच्या तारखेपासून. तो निकाल लागला हे कळवण्याची जबाबदारी या कलमात कुणावरही टाकलेली नाही. नव्या विधेयकात एकच कलम सुचवायची संधी मिळाली तर मी हे सुचवीन: अशा प्रत्येक निकालाची प्रत त्या अधिसूचनेतल्या प्रत्येक खातेदाराला तलाठ्यानं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) घरपोच द्यावी, पोच घ्यावी, आणि तीन महिने त्या पोचेच्या तारखेपासून मोजावेत.